सपाट काचेवरच्या टिकल्या

पडघ्याच्या गोदामाबाहेर आम्ही ड्रायव्हर मंडळी साहेबांची वाट बघत बसतो. पूर्वी बोलणं घरचं, पोरांच्या शाळेचं असायचं. नव्या गाड्या आल्यापासून रोज कुणाला तरी गाडीनेच किस्सा दिलेला असतो!

* * *

सलीमच्या गाडीचं हँडल पत्र्यात लपलेलं असतं. एकदा शेठचे म्हातारे वडील बसायला आले. दारावरून हात फिरवून फिरवून थकले आणि म्हणाले, "एवढी महाग गाडी घेतली, अन् दार बसवायचं राहिलं का?"

* * *

माझ्या गाडीचा कागदांचा कप्पा स्क्रीनवरून उघडतो. नाक्यावर हवालदाराने कागद मागितले, आणि मला ते पान सापडेना. तो स्वतःच शेजारी बसून बोटं मारू लागला. कप्पा उघडला नाही, त्याची सीट मात्र मागे जाऊन आडवी झाली! झोपल्या झोपल्याच म्हणाला, "जा बाबा, जा."

* * *

जानू वज्रेश्वरीकडचा. त्याची गाडी म्हणे बोललेलं ऐकते. "काच खाली कर," असं तो सांगत राहिला, ती इंग्रजीत माफी मागत राहिली. "तिला माझी भाषा येत न्हाय, मला तिची येत न्हाय. मधे साहेब शिजतोय!"

आम्ही हसलो. मग जानू हळूच म्हणाला, "जुन्या गाडीत असं परकं वाटत नव्हतं रे." त्यावर कुणी हसलं नाही.

* * *

गायकवाडकाका आमच्यात मोठे. जुन्या गाडीत रस्त्यावरची नजर न काढता त्यांचा हात बरोबर बटणावर जायचा. नव्या गाडीत बटणंच नाहीत, स्क्रीनखाली सपाट काच आणि तिच्यावर बारीक चित्रं. एकदा पावसात हायवेवर समोरची काच आतून धुरकट झाली. काकांना चित्र सापडेना, म्हणून त्यांनी गाडी बाजूला घेतली. साहेबांची मीटिंग हुकली. साहेब म्हणाले, "काका, तुम्हाला आता झेपत नाही. नवा माणूस बघतो."

घरी काकूंनी उपाय काढला. त्यांच्या मरून रंगाच्या टिकल्या काकांनी गाडीत लागणाऱ्या चित्रांवर चिकटवल्या. बोट टेकलं की कळायचं!

साहेबांनी बघितलं आणि भडकले. "नव्या गाडीचं हे काय केलंत? काढा! रविवारी मॅडमना घेऊन मीच वज्रेश्वरीला जातोय. तुमचं सोमवारी बघू."

काकांनी टिकल्या नखाने सोलून काढल्या. रविवारी दिवसभर पाऊस. काकांना जेवण गेलं नाही. या वयात दुसरीकडे कोण ठेवणार? ऐकताना आम्हालाही वाईट वाटत होतं.

सोमवारी काकांनी गाडीचं दार उघडलं. चित्रांवर पुन्हा टिकल्या होत्या. पण मरून नाहीत. हिरव्या, सोनेरी कडेच्या, मॅडमच्या कपाळावर असतात तशा.

साहेब मागे बसले, पेपर उघडला आणि म्हणाले, "चला काका, उशीर होतोय."