चंद्रकलेचं स्थळ

"बराबर. ध्यानात ठिवलं."

एवढंच म्हणून आत्या हात पदराला पुसायच्या आणि पुन्हा गिरणीकडे वळायच्या. आवाज चढवणं नाही, शिव्याशाप नाहीत. पण ज्याला उद्देशून हे शब्द निघाले त्याची धडगत नाही, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. असं एखादं माणूस तुमच्याही गल्लीत असणार. नसेल तर तुम्ही सुखी आहात, आणि थोडे कमनशिबीही.

हिंगोलीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची पिठाची गिरणी होती आणि तिला चिकटून माझं एसटीडीचं बूथ. त्या सेनगावकडच्या, शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरातल्या. नवऱ्यानं टाकल्यावर भावाकडे आल्या. पुढे भाऊ-भावजय दोघंही गेली, तेव्हा त्यांच्या लेकीला, शोभाला, घेऊन त्या शहरात आल्या आणि गिरणी टाकली. शोभा आत्या म्हणायची म्हणून अख्खी गल्ली आत्या म्हणायची. गिरणीच्या मागे दोन शेळ्या बांधलेल्या असत, कारण शेळीशिवाय घर त्यांना घर वाटत नसे.

त्यांचा सूड कसा असायचा ते सांगतो. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं एकदा शोभाचं झंपर बिघडवलं आणि वर पोरगीच जाड झाली म्हणाला. आत्या म्हणाल्या, "बराबर." आता, गव्हाच्या मागे गहूच दळायचा हा गिरणीचा नियम असतो, नाहीतर आधीचं पीठ त्यात उतरतं. शिंप्याचा डबा आला की आत्या कुणाची तरी बाजरी आधी घालायच्या आणि मागून त्याचा गहू. बरेच महिने त्या घरात काळपट पोळ्या झाल्या. शिंपी गहू बदलून बदलून थकला. शेवटी त्याच्या बायकोला सुगावा लागला आणि झंपर नव्यानं शिवून आलं. त्या दिवशी त्याचा गहू गव्हावर पडला.

शोभा विशीत आली तेव्हा शहरात एक वधू-वर सूचक कंपनी निघाली. काचेचं दार, आत कॉम्प्युटर, भिंतीवर पाटी, 'माहिती गुप्त राखली जाईल'. आत्या मला सोबत घेऊन गेल्या. तिथले संचालक सफारीतले, बोलायला मधाळ. म्हणाले, खरी माहिती द्या, म्हणजे पुढे तकलीफ नको. आत्यांनी खरं सांगितलं. शोभाला लहानपणी फिट यायच्या. परभणीच्या डॉक्टरच्या औषधानं त्या कधीच्या बंद झाल्या होत्या, पण लपवून सोयरीक करायची नाही हा त्यांचा हट्ट. "हे मुलाच्या मायबापाला मी सोता सांगनार, दुसऱ्या बैठकीत. तोवर कुनाला कळनार न्हाई ना?" असं त्यांनी दोनदा विचारलं. संचालक म्हणाले, कॉम्प्युटरला कुलूप असतं.

तेव्हा घरोघरी फोन नव्हते. माणसं शेजाऱ्याचा नंबर द्यायची आणि पुढे 'पी.पी.' लिहायची, म्हणजे या नंबरावर फोन करा, तो बोलावून देईल. आत्यांनी माझा दिला. त्यामुळे पुढे जे झालं ते आधी माझ्या कानात शिरलं.

पहिला फोन बँडवाल्याचा आला. मग मंडपवाल्याचा, मग नांदेडच्या साड्यांच्या दुकानाचा. मुलीचं लग्न काढलंय ना, आमच्याकडे स्वस्त आहे. आम्ही हसण्यावारी नेलं. मग एक जडीबुटीवाला बोलला. "तुमच्या शोभाला फिट येतात ना? आमच्याकडं रामबाण औषध आहे." बूथमध्ये गिऱ्हाइकं उभी होती. मी फोन ठेवला आणि बराच वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो, कारण हे आत्यांना कसं सांगावं ते सुचेना.

सांगायची गरजच उरली नाही. कंपनीनंच सुचवलेलं नरसीकडचं एक स्थळ जवळजवळ पक्कं झालं होतं. पहिली बैठक झाली होती, मुलाच्या आईनं शोभाची ओटीही भरली होती. त्याच आठवड्यात मुलाचा काका गिरणीत आला आणि दळणाच्या रांगेतल्या बायकांसमोर म्हणाला, "आमाला अंधारात ठिवलं तुमी. पोरगी फिटची हाय, हे आमाला फोनवरच्या औषधवाल्याकडून कळावं व्हय?" शोभा चाळणीनं पीठ चाळत होती. ती चाळतच राहिली. संपलेलं पीठ तिनं पुन्हा चाळणीत ओतलं.

आत्या कंपनीत गेल्या. संचालकांनी पाणी दिलं, खुर्ची दिली आणि विचारलं, "माहिती आमच्याकडूनच गेली हे कशावरून? तुमच्या गल्लीतून गेली असेल."

"बराबर," आत्या म्हणाल्या. "ध्यानात ठिवलं."

मी त्यांना ओळखीच्या वकिलाकडे नेलं. वकील भला माणूस, पण उत्साह घालवण्यात पटाईत. पोलिसांत अर्ज देता येईल, म्हणाला, पण ते विचारतील की चोरीला काय गेलं. बदनामीचा दावा लावला तर नातवंडं निकाल ऐकतील. त्यातल्या त्यात ग्राहक मंच बरा, कारण फी भरून सेवा घेतली होती आणि सेवेत खोट निघाली होती. आधी रजिस्टर पोस्टानं नोटीस द्या, पोहोचपावती जपा, मुलीचं नाव काढून टाका असं लेखी मागा. आणि फोन नंबर बदला. माझा नंबर दुकानाच्या पाटीवर रंगवलेला होता, मी चपापलो. आत्या म्हणाल्या, नंबर बदलायचा नाही. फोन येऊ द्यायचे आणि येईल त्याला गोडीत विचारायचं, बाबा, तुला आमचा नंबर दिला कोणी. नोटीस गेली. उत्तर आलं, पुरावा द्या.

पुरावा कुठून आणायचा या विचारात आत्यांनी आठवडा काढला. मग एका सकाळी त्यांनी माझ्या बायकोला बोलावलं आणि त्याच कंपनीत एक नवी मुलगी नोंदवायला पाठवलं. नाव चंद्रकला, वय तेवीस, वर्ण सावळा, स्वभाव थोडा हट्टी पण मायाळू. फोटो नंतर देऊ. गुप्त माहितीच्या रकान्यात लिहिलं, डाव्या पायानं किंचित लंगडते. बूथवर दोन लाइनी होत्या, त्यातल्या दुसरीचा नंबर दिला. फी भरली, पावती घेतली.

चंद्रकला ही आत्यांची शेळी. घरात तिला चंद्री म्हणत. लंगडत मात्र ती खरंच होती.

या नावाची मुलगी अख्ख्या हिंगोलीत कुणालाच माहीत असायचं कारण नव्हतं, त्या कॉम्प्युटरशिवाय. महिनाभरात दुसरी लाइन खणखणली. तोच जडीबुटीवाला. "चंद्रकलाताईंच्या पायासाठी तेल आहे. फोटो पाहिला, इतकी सोज्वळ मुलगी, पायापायी घरात बसायला नको." मी हसू दाबलं आणि आत्यांना हाक मारली. त्या दिवशी त्या इतक्या लाडीगोडीनं बोलल्या की मला धास्तीच वाटली. तेल पाठवा, पोरीच्याच नावानं, गिरणीच्या पत्त्यावर पाठवा, म्हणाल्या. आणि सहज म्हणून विचारलं, आमचा नंबर तुम्हाला कुठं गावला हो? तो बिचारा सांगून बसला, की कंपनीतला पोरगा मुलींच्या माहितीची सीडी भरून देतो, आम्ही चौघं-पाचजण घेतो. पुढच्या आठवड्यात पोस्टमन पार्सल घेऊन आला. वर सुवाच्य अक्षरात कुमारी चंद्रकला, खाली गिरणीचा पत्ता आणि पाठवणाऱ्याचा शिक्का.

मंचासमोर कंपनीच्या वकिलाला ते पार्सल काही रुचलं नाही. ही सगळी बनवाबनवी आहे, म्हणाला. ही चंद्रकला खरोखर असेल तर तिला हजर करा.

"भाईर हाय," आत्या म्हणाल्या. "आत आनू का?"

आवारात लिंबाला चंद्री बांधलेली होती आणि कुणाच्या तरी सायकलची गादी चघळत होती. अध्यक्ष उठून खिडकीपाशी गेले, परत येऊन बसले आणि काही वेळ कागदात तोंड घालून राहिले. मग मात्र त्यांनी सीडीची एवढी खोदून चौकशी केली की संचालकांची सफारी घामानं भिजली. निकाल लागायला वर्ष गेलं, पण लागला. माहिती पुसून टाका, भरपाई द्या, लेखी माफी मागा.

आत्यांचं समाधान त्यानं होणार होतं थोडंच. माफीचा तो कागद दळणाला येणाऱ्या प्रत्येकासमोर त्या माझ्याकडून वाचून घ्यायच्या. मला तो पाठ झाला. बायकांनी तो माहेरी नेला, सासरी नेला. सहा महिन्यांत कंपनीच्या काचेच्या दाराला कुलूप लागलं, आणि आत्या मुद्दाम वाट वाकडी करून ते बघून आल्या. जडीबुटीवाल्यालाही सोडलं नाही. महिनाभर चंद्रीच्या पायाला तेल चोळून, गुण आला नाही म्हणून त्याच्यावर वेगळी तक्रार टाकली.

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की लोक शेळीचा किस्सा सांगतात आणि पोट धरून हसतात. मीही हसतो. पण मला त्या आठवतात त्या दुसऱ्याच एका दुपारच्या.

निकालाला दोन वर्षं उलटली होती. शोभाचं लग्न झालेलं नव्हतं. येणारा प्रत्येक पाहुणा फिटचं ऐकूनच येई, आणि चहा पिऊन उठून जाई. मंचानं कॉम्प्युटरमधलं पुसायला लावलं, लोकांच्या तोंडातलं कोण पुसणार. अशात ते संचालक गिरणीत आले. सफारी नव्हती, दाढी वाढलेली. त्यांच्या मुलीची सोयरीक ठरत होती आणि मुलाकडची माणसं त्या जुन्या खटल्याच्या चौकशीला आमच्या गल्लीत येणार होती. ते हात जोडून म्हणाले, "आत्या, झालं गेलं माफ करा. पाव्हणे इच्यारतील तुम्हाला. माझ्या पोरीचा यात काय दोष?"

"माझ्या पोरीचा काय व्हता?"

मी बूथच्या दारात उभा होतो. वाटलं, बाई याच दिवसासाठी थांबली होती. आता हिच्या एका शब्दानं ती सोयरीक मोडणार. आणि खरं सांगतो, मोडावी असं मलाही वाटत होतं.

आत्या म्हणाल्या, "मला काहून इच्यारून राहिले? जिचं गेलं तिला इच्यारा."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की एवढ्या वर्षांत वकिलानं, मंचानं, मी, खुद्द आत्यांनी, शोभाला कुणीच काही विचारलं नव्हतं. डबा घेऊन एक बाई रांगेत उभी होती, तरी शोभानं चालू गिरणी बंद केली. पट्टा फिरायचा थांबू दिला. मग म्हणाली, "तुमच्या पोरीचं कुनी इच्यारलं तर चांगली हाय म्हनून सांगीन. तिच्याबद्दल एक सबुद वावगा जानार न्हाई इथून. पन तुमाला माफ न्हाई केलं. आज न्हाई, कवाच न्हाई."

संचालकांनी आत्यांकडे पाहिलं. वडीलधारं माणूस मध्ये पडेल, पोरीला समजावेल, अशी आशा असावी. आत्या पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवयांखालून भाचीकडे बघत होत्या. त्यांच्या तोंडावर एवढा आनंद मी निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता.

"ऐकलं ना?" त्या म्हणाल्या. "सरका आता बाजूला. बाईचं दळन खोळंबलंय."