उतरल्यावरचं नाव

अख्ख्या दुसरबीड गावावर माया करणारा आणि त्यातल्या एकालाही त्याच्या खऱ्या नावानं हाक न मारणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या शाळेसमोर, रस्त्याला लागून त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. गाव त्यांना विमानवाले काका म्हणे. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. जिल्ह्याच्या गावालाच रेल्वे नव्हती, तिथं विमान म्हणजे वाळत घातलेल्या मिरच्या कोंबड्यांच्या हवाली करून सगळ्यांनी माना वर करून पाहायची चीज. अशा गावात हे गृहस्थ विमानदलातली फिटरकी संपवून आले होते. सायकलचं पंक्चर काढून झालं की दोन पावलं मागं सरत आणि डोळे बारीक करून तिच्याकडे असे बघत, की ती आता आसामच्या डोंगरांवरून चक्कर मारूनच येणार आहे. "चालवून पाहा" असं ते कधीच म्हणाले नाहीत. "उडवून पाहा," म्हणत.

माझी त्यांची ओळख माझ्या फजितीतून झाली. माझ्या बहुतेक ओळखी अशाच झाल्या आहेत. नवा मास्तर म्हणून पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून, घंटी वाजवत, शाळेसमोरच्या उतारावरून सायकलनं आलो. पोरांवर छाप पाडायची होती. पडली. ब्रेक लागले नाहीत, घंटी मात्र शेवटपर्यंत वाजत राहिली, आणि मी सायकलसकट दुकानात शिरून पंक्चर तपासायच्या पाण्याच्या घमेल्यात बसलो. काकांनी हातातला पाना खाली ठेवला नाही. माझ्याकडे एकवार पाहून त्यांनी मागच्या खोलीकडे आवाज दिला, "तुफानी, चहा ठेव वं. चिलट उतरलं."

तुफानी म्हणजे त्यांची बायको आणि चिलट म्हणजे मी, हे चहा पिता पिता कळलं. कप रिकामा होईपर्यंत मला सगळं शास्त्रही समजावून झालं होतं. "विमानाले दोन नावं लागतात, गुरुजी. एक कागदावरचं, सायबाच्या तोंडचं. अन् एक आमचं. ज्याच्या हाताले त्याचं तेल लागते, त्याच्या तोंडचं." पॅकेट नावाचं पोटाळ विमान होतं, त्याच्या पोटात जीपसुद्धा मावे, ते यांच्या तळावर म्हैस झालं. डाकोटा झाली आत्याबाई, कारण कुठंही बोलवा, सामानसुमान घेऊन हजर. हार्वर्डचा आवाज ऐकून तिला सगळे गिरणी म्हणत. नॅट अंगानं एवढंसं पण कानठळ्या बसवणारं, म्हणून ते चिलट. फक्त तुफानी नावाच्या विमानाला वेगळं नाव ठेवावं लागलं नाही. "ते फ्रान्सातून आलं तवा त्याचं नाव कोणाच्या जिभेवर बसेना. आपल्याकडे आल्यावर सरकारनं बदललं. लगनात पोरीचं बदलतात तसं. येवढं एक नाव सरकारले बरं सुचलं."

आता ज्या माणसानं आयुष्यभर विमानांना नावं ठेवली, त्याला निवृत्तीनंतर विमानंच मिळेनात. मग त्यानं गावाला धरलं. आमचे हेडमास्तर गिरणी झाले, कारण ते जागचे न हलता सगळ्या रस्त्याला ऐकू जात. सरपंच म्हैस. सरपंचांना ते कळलं तेव्हा ते तावातावानं दुकानात आले आणि काकांनी त्यांना म्हशीच्या पोटात काय काय मावे, ती किती डोंगर ओलांडून किती जवानांना पीठ पोचवी, हे इतक्या गहिवरून सांगितलं, की सरपंच जाताना स्वतःच म्हणाले, "बरं, येते मग म्हैस." पुढं पाकिस्तानशी लढाई झाली आणि नॅटनं नाव काढलं. वर्तमानपत्र घेऊन मी छाती काढून दुकानात गेलो. म्हटलं, "काका, चिलट म्हणजे लहान विमान नव्हे. वाचलंत ना?" काका चेन ओघळू नये म्हणून दातात धरून होते, ती काढून म्हणाले, "वाचलं. पण तुमाले ते नाव घमेल्यावरून दिलं व्हतं, गुरुजी. लढाईवरून नाही."

एस.टी.वर तर त्यांचा हक्कच होता. आमच्या थांब्यावर उतार असल्यानं गाडी थांबली की कंडक्टर मागच्या चाकाखाली दगड लावी. काढायचा मान काकांचा. दुकान सोडून ते पळत जात, दगड काढत आणि तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरून ड्रायव्हरला दाखवत. चाकाखालचा ठोकळा निघाला, हे वैमानिकाला डोळ्यांनी दिसलं पाहिजे, नाहीतर तो निघणार कसा? ड्रायव्हरही अंगठा दाखवी. नवीन ड्रायव्हर मात्र पहिल्यांदा घाबरून काच वर करून घेई.

काकू या सगळ्याकडे भाकरी थापता थापता बघत. अतिशय हळू बोलणारी बाई. "हाव, तुफानी!" त्या मला म्हणाल्या होत्या. "सासूपुढं जलमभर माझा आवाज नाही निघाला, अन् म्हणे तुफानी. विमानं दुरुस्त केले म्हणतात, घरचा स्टो पेटवता येत नाही यायले." यावर काका माझ्याकडे वळून, जणू काकू तिथं नाहीतच असं, म्हणाले, "ते विमान खालून यायचं ना गुरुजी, तवा आधी निघून जायचं अन् आवाज मागून यायचा. ही बी तशीच. चहा ठेवून जाते, मग ध्यानात येते की येऊन गेली." काकूंनी पदर तोंडाला लावला. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच, एक सारखा बोलणारा आणि एक न बोलता सगळं ऐकणारी.

एका दुपारी मात्र मी काकांचे हात रिकामे पाहिले. बोलता बोलता ते तळावरच्या रिवाजावर आले होते. विमान उडताना लाडाचं नाव कोणी घ्यायचं नाही. "घेतलं की ते मागं पाहाते." उडताना फक्त कागदावरचं नाव, अगदी साहेबासारखं, अदबीनं. चाकं परत जमिनीला टेकली, की मग बोंबलून लाडाची हाक. मी विचारलं, "आणि नाही परत आलं तर?" काका म्हणाले, "एकदा आत्याबाई गेली, ते आलीच नाही. मग तळावर कोणी कोणाचंच लाडाचं नाव घेतलं नाही. विमानाचं नाही अन् माणसाचं बी नाही. जसं काही आमची आपसात ओळखच नाही. मग एक दिवस एका बंगाल्याच्या तोंडून चुकून निघून गेलं. सारे हसले. मग सारे रडले. मग झालं चालू."

त्या वर्षी थंडी सरता सरता काकूंचं पोट दुखू लागलं. आधी ओवा झाला, मग गावच्या डॉक्टरांच्या पुड्या झाल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, बुलढाण्याला मोठ्या दवाखान्यात न्या, उशीर नका करू. सकाळच्या गाडीला मी पिशवी घेऊन पोचवायला गेलो. काकू खिडकीशी बसल्या होत्या, एवढ्याशा झालेल्या. काकांनी चाकाखालचा दगड काढला, वर धरून दाखवला, आणि गाडीत चढून बायकोजवळ उभे राहिले. "सुमनबाई," ते म्हणाले, "थोडं सरकता का? मले बसू द्या."

थांब्यावरचे सगळे बघतच राहिले. काकूंचं नाव सुमन आहे हे गावाला त्या दिवशी कळलं. काकू खिडकीतून मला म्हणाल्या, "पाहा गुरुजी, आज कसे बाई म्हणून राह्यले. दवाखान्यात जा लागते, तवा मान भेटते."

मी हसलो. काका हसले नाहीत. आणि मग मलाही उमगलं, की हा माणूस गाडीत बायकोशेजारी नव्हे, धावपट्टीच्या कडेला उभा आहे.

त्यानंतरचे काही दिवस दुकान बंद होतं आणि गाव उगीचच मुकं झालं होतं. बुलढाण्याहून कोणी आलं की सरपंच स्वतः थांब्यावर जाऊन विचारत. ऑपरेशन झालं म्हणत, ठीक आहे म्हणत, मग कोणी काहीच म्हणेना. मी माझ्या स्वभावाप्रमाणे एक बेत रचून ठेवला होता. काकू उतरल्या की काकांच्या आधी आपणच ओरडायचं, "तुफानी उतरली!" शाळा सुटल्यावर मी रोज संध्याकाळच्या गाडीला जाऊन उभा राही आणि मनातल्या मनात ती हाक घोटून घेई.

एका संध्याकाळी गाडीच्या दारात काका दिसले. डोक्याला रुमाल गुंडाळलेला, तो नेहमीच असे. हातात तीच पिशवी. मी तोंड उघडलं. काका खाली उतरले, माझ्यासमोर सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "श्रीयुत मनोहर विश्वनाथ तायडे, जरा हे पिशवी धरता का?"

माझं तोंड उघडंच राहिलं. पिशवी धरली. तिच्यात काकूंचं लुगडं होतं. पुढं काही विचारायची गरज कोणालाच पडली नाही. काकूंचे हिवरा गावचे भाऊ तिकडं पोचले होते, सगळं तिकडंच उरकलं होतं.

मग सुरू झालं ते फार वाईट होतं. काका दुकान उघडत, पंक्चर काढत, आणि सगळ्यांना पूर्ण नावानं, अदबीनं हाक मारत. हेडमास्तरांना त्यांनी "मुख्याध्यापक साहेब" म्हटलं तेव्हा त्या माणसाचा आवाज पहिल्यांदा खाली आला. सरपंच माझ्याजवळ येऊन म्हणाले, "गुरुजी, काहीबी करा. इतक्या वर्षांची म्हैस मी, अन् आज मले पाटील साहेब म्हनलं. मी घरी जाऊन जेवलो नाही." मीही जेवलो नव्हतो. जे नाव मला एकेकाळी घमेल्यातल्या गार पाण्यासारखं झोंबलं होतं, ते कोणी परत देईल का म्हणून मी त्या दुकानाभोवती घुटमळत होतो.

एकदा धीर करून, अगदी सहज बोलल्यासारखं मी म्हटलं, "काका, ती गिरणी तुम्हाला विचारत होती." काकांनी मान वर केली. "चुकून निघा लागते, गुरुजी," ते म्हणाले. "ठरवून नाही निघत." आयुष्यभर चुकांशिवाय दुसरं काही न केलेल्या मला नेमकी तीच एक चूक करता आली नाही.

पुढं माझी बदली घाटाखालच्या एका गावी झाली. निघायच्या दिवशी सगळी शाळा थांब्यावर होती. काका गर्दीत नव्हते. मी गाडीत बसलो, आणि मागच्या चाकापाशी खडखड झाली. काका दगड काढत होते. बायको गेल्यापासून त्यांनी तो कधी काढला नव्हता. तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरून ते पुढं ड्रायव्हरकडे गेले नाहीत. माझ्या खिडकीखाली आले. "श्रीयुत मनोहर विश्वनाथ तायडे," ते म्हणाले. आवाज तोच, अदबीचा. पण ही हाक थांब्यावरच्या त्या संध्याकाळची नव्हती. ही उडणाऱ्याला मारायची हाक होती. दगड वर धरून ते तसेच उभे राहिले, मला दिसेनासे होईपर्यंत.

मी परत गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता राहिलं, आणि एक दिवस कळलं की दुकानाच्या जागी आता पिठाची गिरणी आहे. अजून कधी एस.टी.तून एखाद्या उताराच्या थांब्यावर उतरताना मी पायरीवर क्षणभर रेंगाळतो. मागचे प्रवासी ढकलतात, कंडक्टर ओरडतो. पाय जमिनीला टेकतात, आणि मी कान देऊन ऐकतो, चिलट म्हणून कोणी बोंबलतंय का.