थोरलीच्या पट्ट्या

थोरली कपड्यांच्या कंपनीत कापड मोजते. प्रत्येक कापडाच्या तीन पट्ट्या कापायच्या: उभ्या धाग्यात, आडव्या धाग्यात आणि तिरक्या. पट्टी टेबलाच्या कडेवरून पुढे सरकवायची. ती वाकून खालच्या उतरत्या फळीला टेकली की बाहेर आलेली लांबी लिहायची; कापड जितकं ताठ तितकी ती जास्त. मग ताणायची, वजन करायचं. तेरा वर्षं झाली. कापड चिमटीत धरलं की आकडा बोटांना आधीच कळतो, तरी ती मोजते.

धाकटी बहीण दोन वर्षांपूर्वी तिच्याच ओळखीने इथे लागली. पलीकडच्या खोलीत ती थोरलीचे आकडे कॉम्प्युटरमध्ये भरते आणि पडद्यावरच्या बाईच्या अंगावर झगा झुलायला लागतो. पाहुणे तिथेच रेंगाळतात. "वा, अगदी खरं वाटतं हो!" मोजणीच्या खोलीत कोणी डोकावत नाही.

"ताई, तुझ्या आकड्यांवरच तर माझं चाललंय," धाकटी डबा उघडताना म्हणते.

"जेव गुपचूप."

लहानपणीही पाहुण्यांच्या मांडीवर हीच असायची.

विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. साहेब म्हणाले, सोमवारी ग्राहकाला रेशमाचा झगा दाखवू, मग ठरवू. बोलताना ते धाकटीकडेच बघत होते.

त्या रेशमाचा आडवा धागा ताठ होता, उभा मऊ. थोरलीने दोन्हींचे आकडे एकमेकांच्या रकान्यात लिहिले. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

सोमवारी पडद्यावरची बाई चालायला लागली आणि झगा पुठ्ठ्यासारखा फाकून राहिला. ग्राहक हसला. "रेशीम म्हणायचं की छत्री?"

साहेबांनी थोरलीकडे पाहिलं, पण धाकटीच आधी बोलली. "ताईचे आकडे चुकत नाहीत. भरताना माझंच गडबडलं असणार. अर्धा तास द्या."

सगळे चहाला गेले. धाकटी एकेक रकाना तपासत बसली. चूक अंगावर घेणंही हिला शोभून दिसावं, हे थोरलीला सहन होईना.

"उभं-आडवं मी बदललंय."

"चुकून होतं गं."

"चुकून नाही."

धाकटीने तिच्याकडे वळून पाहिलं नाही. रकाने सरळ केले. झगा पावलांपर्यंत अलगद उतरला.

धाकटी विभागप्रमुख झाली. साहेबांपुढे तिने त्या अदलाबदलीबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त थोरलीची प्रत्येक पट्टी आता ती थोरलीसमोरच पुन्हा मोजते आणि खाली सही करते. पट्टी सरकवताना तिचा हात छान बसत चाललाय. थोरलीला ते दिसतं.