बिनकमाईचा घास

रात्रपाळी संपवून रंगनाथ कतारमधल्या मेसईदच्या खत कारखान्यातून बाहेर पडला, तेव्हा त्याचे खांदे त्याला परक्याचे वाटत होते. तरी घरी येऊन त्याने आंघोळ केली, पांढरा सदरा चढवला. शुक्रवार होता, तिथला सुटीचा वार. दोह्यात, अबू हमूरजवळच्या एका व्हिलात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींची उपासना भरे आणि तिथे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ वाटायच्या पावावर प्रार्थना म्हणण्याचे काम त्याचे होते. वाटेत उपासनेला येणाऱ्या आजारी कमाललाही घ्यायचे होते.

"आज गाडी मी चालवते," त्याची बायको बबीता म्हणाली. तिच्याकडे परवाना होता.

"नको. ही माझी सेवा आहे."

"अहो, एवढं पुण्य ठेवणार कुठे? क्वार्टरमध्ये आधीच जागा नाही."

तो हसला नाही. पुण्य जोडावे लागते ही आईची शिकवण त्याच्याबरोबरच नव्या पंथात आली होती आणि कतारने ती घट्ट केली होती. इथे माणसाचा मुक्काम नोकरीला बांधलेला; काम सुटले की देश सुटतो. अशा ठिकाणी कृपा या शब्दाचा अर्थ कळावा तरी कसा? पंथाच्या इथल्या शाखेचे अध्यक्ष इनायत मूळचे लाहोरचे, दोह्यातल्या वेस्ट बे भागातल्या बँकेत नोकरीला. ते सांगत, सत्कर्मे हवीतच, पण ती ख्रिस्ताच्या कृपेचे भाडे नव्हेत. रंगनाथ मान डोलावी आणि आणखी एक काम अंगावर घेई. कोणाचे सामान हलव, कोणाला विमानतळावर सोड, कमालला डायलिसिसला ने. आपण थांबलो तर देवाच्या दारातूनही आपल्याला परत पाठवतील, हे भय त्याने बबीतालाही सांगितले नव्हते.

पावाचे तुकडे करून तो गुडघ्यांवर बसला. ती प्रार्थना ठरलेल्या शब्दांतच म्हणावी लागते. शब्द गळला की पुन्हा पहिल्यापासून. समोर छापील कार्ड असूनही त्याची एक ओळ सुटली. इनायत यांनी चुकले अशा अर्थी हलकेच मान हलवली. त्याने पुन्हा सुरुवात केली. या वेळी अक्षरे एकमेकांवर चढू लागली आणि तो मध्येच थांबला.

इनायत उठून त्याच्याजवळ आले. "रंगनाथभाई, आज आप बैठ जाइए," ते कुजबुजले.

त्याची जागा कमालने घेतली. टेबलाचा आधार घेत तो कसाबसा गुडघ्यांवर टेकला. आवाज क्षीण होता, पण प्रार्थना नीट पार पडली. ज्याला रंगनाथ आठवड्यातून तीनदा हात धरून गाडीत बसवी, त्याने आशीर्वाद मागितलेला तो पाव तबकातून रांगेरांगेने फिरू लागला.

जो स्वतःला अपात्र समजतो, तो तबक तसेच पुढे सरकवतो. रंगनाथने मनाशी तेच ठरवले होते. बबीताने तबक त्याच्यासमोर धरले.

"दे पुढं," तो म्हणाला. "आज माझ्या हातून काहीच झालं नाही."

"म्हणून काय उपाशी ठेवायचं तुम्हाला? घ्या. लोक खोळंबलेत."

तबक त्याच्यापुढून हलेना. त्याने टेबलाकडे पाहिले. कमालला अजून उठता येत नव्हते. इनायत यांनी त्याला बगलेत हात घालून उठवले आणि त्यानेही सहज उठवून घेतले. कमालने आजवर रंगनाथला काय दिले होते? काही नाही. आणि म्हणून त्याला डायलिसिसला न्यायचे नाही, असे रंगनाथच्या मनातही कधी आले नव्हते.

त्याने तुकडा उचलला. कालचा, किंचित सुकलेला पाव. भय गेले असे नाही, थकवा तर नाहीच. पण घास गिळताना हे आपण कमावलेले नाही एवढे त्याला स्वच्छ ठाऊक होते, आणि तरीही कोणी त्याला तिथून उठवून लावले नाही.

उपासना संपल्यावर कमाल काठी टेकत दारात आला. "यल्ला, रंगनाथभाई, चलें?"

रंगनाथने खिशातून किल्ली काढली आणि बबीताच्या हातावर ठेवली. तिने सीट पुढे ओढली. तो मागे कमालशेजारी बसला आणि गाडी मुख्य रस्त्याला लागण्याआधीच त्याच्या खांद्यावर डोके टेकून झोपला. कमालने खांदा हलवला नाही.