मॅकब्राइडचा घेर

कुवेतमधल्या फहाहीलला आमच्या खालच्या मजल्यावर बिल्कीसभाभी राहायच्या. बिल्कीस मुकादम, मूळच्या रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या. घरीच शिवणकाम करायच्या. अबाया, शाळेचे गणवेश, पडदे. नव्वद साली इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसलं तेव्हा त्या आणि त्यांचे नवरे साबीरभाई अंगावरच्या कपड्यांनिशी बसमध्ये बसले आणि बगदादमार्गे अम्मानला, तिथून मुंबईला पोचले. दोन वर्षांनी परत आले तर फ्लॅटमधलं सगळं गेलं होतं, दारांच्या कड्यासुद्धा. शिलाई मशीन मात्र जागेवर होतं. "चोराला शिवता येत नसणार," भाभी म्हणाल्या आणि मशीनला तेल घातलं.

साबीरभाई एका व्यापारी कंपनीत मंदूब होते. म्हणजे साहेबांचे इकामे, म्हणजे राहण्याचे दाखले, परवाने, शिक्के यांच्यासाठी सरकारी कचेऱ्यांतून फिरणारा माणूस. काम झालं नाही असं त्यांनी आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. "होतंय", "झाल्यातच जमा", "बुक्रा, इन्शाल्ला," म्हणजे उद्या नक्की. सगळ्यांना ते फार आवडायचे.

शहाण्णव सालची गोष्ट. माझा नवरा जयदीप ज्या तेल कंपनीत होता तिथे स्कॉटलंडचे काही इंजिनिअर होते. नोव्हेंबरअखेर त्यांच्या देशाच्या संताचा सण असतो. त्या वर्षी त्यांनी ठरवलं, नेहमीचा शिवलेला किल्ट, म्हणजे त्यांचा पुरुषांचा चौकडीचा घागरा, घालायचा नाही, पूर्वजांचा ग्रेट किल्ट नेसायचा. त्यांच्यात फर्ग्युसन नावाचा एक अगदी काटकुळा माणूस होता. पुण्याच्या कॉलेजशी आपलं काही नातं नाही, हे तो पुण्याच्या माणसाला ओळख होताच स्वतःहून सांगून टाकायचा. आणि एक होता मॅकब्राइड. तो गाडीतून उतरला की गाडी वर यायची.

शिवणारं कुणी आहे का, असं त्यांनी जयदीपला विचारलं. जयदीपनं मला विचारलं. मी जिना उतरून खाली गेले.

पहिल्या दिवशी मॅकब्राइडनं भाभींच्या हॉलमध्ये प्रात्यक्षिक दाखवलं. भाभी परक्या पुरुषांसमोर येत नसत, म्हणून त्या आणि मी स्वयंपाकघराच्या पडद्याआडून बघत होतो. चौकडीचं लांबलचक लोकरी कापड जमिनीवर पसरायचं, त्याखाली चामडी पट्टा. मधल्या भागाला चुण्या घालायच्या. मग माणसानं त्यावर उताणं झोपायचं, दोन्ही मोकळी टोकं पोटावर एकावर एक घ्यायची, पट्टा आवळायचा आणि उठायचं. कमरेखाली घेर तयार होतो, वरचं उरलेलं कापड खांद्यावर घेऊन टाचायचं. मॅकब्राइडनं हे सगळं केलं. फक्त उठायचं राहिलं. फर्ग्युसननं एक हात धरला, साबीरभाईंनी दुसरा.

"ही तर नऊवारीच," मी म्हटलं.

"मला नऊवारी नेसता येत नाय," भाभी म्हणाल्या.

मलाही येत नव्हती. तो विषय तिथेच संपला.

कापड त्यांनी स्कॉटलंडहून मागवलं होतं. त्याचा पन्हा अर्धाच होता, म्हणून दोन पट्टे उभे जोडावे लागणार होते, तेही चौकडीला चौकडी जुळवून. भाभींनी आणखी एक ठरवलं. चुण्या पडतात तिथे आतून लुप्प्या शिवायच्या. त्यांतून पट्टा ओवला की उभ्या उभ्या नेसता येईल, कुणाला जमिनीवर झोपायला नको. फक्त लुप्प्यांची जागा माणसागणिक बदलणार. जाड्याला जास्त कापड लागतं, पुढे पोटावर दोन्ही टोकं नीट चढावी लागतात, आणि उरेल तेवढंच मागे चुण्यांत जातं. म्हणजे सगळा खेळ मापाचा.

मापं साबीरभाईंनी घेतली. ते हॉलमधून आकडे सांगायचे, भाभी आत लिहून घ्यायच्या.

महिन्याभरानं सगळे किल्ट घालून बघायला आले. मॅकब्राइडनं पट्टा ओवला, आवळला आणि ताठ उभा राहिला. पुढची दोन टोकं एकमेकांपर्यंत पोचलीच नाहीत. मधे वीतभर जागा मोकळी राहिली. स्कॉटिश लोक किल्टच्या आत काय घालतात हा प्रश्न पुष्कळांना पडतो. साबीरभाईंना त्याचं उत्तर त्या दिवशी मिळालं, ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आम्ही पडदा सोडला. फर्ग्युसनचा किल्ट तेवढ्यात त्याच्या कमरेवरून खाली आला होता, असं नंतर कळलं.

मंडळी गेल्यावर भाभींनी नवऱ्याला आत बोलावलं. मी उठायला लागले, तर म्हणाल्या, "बसा तुम्ही."

"मॅकब्राइडचं माप काय होतं?"

"चव्वेचाळीस," साबीरभाई म्हणाले.

"तुम्ही सांगितलंत ते नाय. टेपवर काय होतं?"

साबीरभाईंनी थोडा वेळ पंख्याकडे बघितलं. "अठ्ठावन्न."

"मग चव्वेचाळीस का सांगितलंत?"

"चार माणसं बसली होती गो. अठ्ठावन्न कसं ओरडून सांगायचं? पाहुणा माणूस."

"आणि फर्ग्युसन?"

"त्याला थोडे वाढवून दिले. फारच बारीक आहे बिचारा."

"बाकीच्यांना?"

"ज्याला जसं बरं वाटेल तसं."

भाभी म्हणाल्या, "इतकी वर्षं माझ्या जेवणाला चांगलं म्हणताय."

"जेवण चांगलंच असतं."

"मीठ?"

साबीरभाईंनी दाराकडे पाहिलं. "आता मिठाचं म्हणशील तर..."

"आज नको," भाभी म्हणाल्या. "आज किल्टचं बघू."

पण त्यांना लागलं होतं. लुप्प्या उसवताना त्यांनी दोनदा डोळे पुसले. लोकर डोळ्यांत जाते म्हणाल्या. मी हो म्हटलं.

दुसऱ्यांदा माप घेताना त्यांनी टेप कपाटातच ठेवली. साबीरभाईंच्या हातात जुन्या चादरी आणि खडू दिला. माणसाला उभं करायचं, चादर कमरेभोवती गुंडाळायची, टोक जिथे येईल तिथे खडूची रेघ मारायची. आकडा बोलायचाच नाही. माणसाच्या नावानं चादरीची घडी आत आणून द्यायची. साबीरभाईंना हे फार आवडलं. कुणाचा अपमान नाही आणि खोटंही बोलायला नको. मॅकब्राइडला डबलबेडची चादर लागली.

सणाच्या जेवणाला जयदीप आणि मी गेलो होतो. सगळे नाचले, मॅकब्राइड सर्वांत जास्त. काही सुटलं नाही, काही उघडलं नाही. मी भाभींना फोटो दाखवला. त्यांनी कुणाच्याही चेहऱ्याकडे बघितलं नाही, पाठीमागच्या चुण्या मोजल्या आणि म्हणाल्या, "डावीकडे एक कमी पडलीय."

पुढची काही वर्षं दर हिवाळ्यात नवीन माणूस आला की त्याची चादर भाभींकडे यायची. साबीरभाईंनी मधे खरं बोलायचा प्रयोग ऑफिसातही करून पाहिला. परवाना या महिन्यात होणार नाही, असं त्यांनी मालकाला तोंडावर सांगितलं. मालकानं त्यांना दोन दिवस सुट्टी देऊन डॉक्टरकडे जायला सांगितलं. तेव्हापासून खरं त्यांनी घरापुरतं ठेवलं. घरात मात्र पाळलं. भाभींनी एकदा नवा सलवार-कमीज घालून कसा दिसतो विचारलं, तर म्हणाले, "रंग चांगला आहे." भाभींनी कमीज उसवायला घेतला, पण रागावल्यासारख्या दिसत नव्हत्या.

दोन हजार तीनच्या सुरुवातीला पुन्हा युद्धाची चिन्हं दिसू लागली आणि स्कॉटिश मंडळी एकेक करून निघून गेली. मॅकब्राइड तर आठवड्यात गेला. मधुमेहानं तो बराच उतरला होता आणि त्याचा किल्ट घेर कमी करायला भाभींकडे पडला होता. भाभींनी तो पुरा करून फर्ग्युसनबरोबर पाठवला. एप्रिलमध्ये मॅकब्राइडचा फोन आला. साबीरभाई बोलले.

"काय म्हणाला?" भाभींनी विचारलं.

"थोडा सैल होतो."

"किती?"

"ते नाही सांगितलं त्यानं. पण आभार मानले."

"अजून उतरला असेल," भाभी म्हणाल्या आणि पुन्हा गणवेशाकडे वळल्या.

पुढे त्यांनी कुवेतमध्येच खैतान भागात बायकांचे कपडे शिवायचं छोटं दुकान काढलं. साबीरभाई निवृत्त होऊन गल्ल्यावर बसायला लागले. कपडे कधी मिळतील हे गिऱ्हाइकांना सांगायला मात्र भाभी मशीनवरून उठून स्वतः पुढे यायच्या. आम्ही पुण्याला परतलो तेव्हा दुकान नीट चाललं होतं, आणि ईदच्या आधी तिथे उभं राहायला जागा नसायची.