सगुणावहिनीची सवत

सवत असलेल्या बायका दिवेआगरात त्या काळी तीन-चार तरी होत्या, आणि त्या आपापल्या सवतीशी विहिरीवर रीतसर भांडत. सगुणावहिनीची पंचाईत अशी की तिची सवत म्हणजे एक बेट होतं. त्याच्याशी भांडायचं कसं, हे तिला सांगणारं गावात कोणी नव्हतं.

वहिनी आमच्या शेजारची. नवरा भागोजी बोटीवर खलाशी. शिमग्याला यायचा आणि पावसाच्या तोंडावर जायचा. बाकीचं वर्ष वहिनी रहाटाचा बैल हाकायची, पाडेल्याला शिव्या घालत नारळ उतरवून घ्यायची, सुपारी सोलायची आणि वाडीत दुसऱ्याचं ढोर शिरलं तर ढोराला आणि मालकाला एकाच दमात हाकलायची. नवरा कुठे आहे म्हणून कोणी विचारलं तर 'बोटीवर', एवढंच. जसा काही तो बांधापलीकडे भाताची दाढ पेरायला गेलाय.

छप्पन्न सालच्या शिमग्याला भागोजी आला तो बेट घेऊनच. त्याची बोट मॉरिशसच्या बाजूला जाऊ लागली होती आणि तिकडे कुठेसं हे बेट लागायचं. संध्याकाळी ओटीवर माणसं जमली की भागोजी सुरू व्हायचा. बेटाच्या मधोमध डोंगर, आणि डोंगराच्या डोक्यातून धूर. कधीकाळी त्यातून आग वाहत खाली समुद्रात गेली आणि विझून तिचा काळा खडक झाला. त्या खडकावर पांढरा फेस फुटतो. धबधबा कड्यावरून थेट समुद्रात पडतो. पाणी तर सुपारीवर मारायच्या मोरचुदासारखं निळं. आणि लांबलांबून साहेब लोक तिथे सुट्टी घालवायला येतात, म्हणजे दिवसभर वाळूत नुसते पडून राहतात. आमच्याकडे दिवसाढवळ्या कोणी वाळूत पडलेला दिसला तर आधी त्याच्या घरी कळवायला धावतात. पण ओटीवर सगळे माना डोलवत होते.

वहिनी दाराआड उभी राहून ऐकायची. पहिले दोन दिवस तिने ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी चहात साखर नव्हती.

तिचा हिशेब सरळ होता. ज्या माणसाने लग्नापासून 'यंदा सुपारी बरी धरली' एवढंसुद्धा कधी तोंडातून काढलं नाही, तो एका डोंगराचं इतकं कौतुक करतो, म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी कोणीतरी राहतंय. पुरुषमाणूस नुसता खडक लक्षात ठेवत नाही. काळे खडक आपल्या पुळणीच्या टोकालाही आहेत. बायका त्यावर बसून कालवं फोडतात आणि बोटं कापून घेतात. त्यांचं कौतुक कधी कोणी ओटीवर केलं?

मी श्रीवर्धनच्या शाळेत शिकलेला म्हणून एकदा माझ्याकडे आली. नकाशात ते बेट दाखवा म्हणाली. मी मोठ्या ऐटीत भूगोलाचं पुस्तक काढलं आणि एका ठिपक्यावर बोट ठेवलं. तो ठिपका तेच बेट होतं की छापखान्याचा डाग, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. वहिनी बराच वेळ बघत राहिली.

"भावजी, येवड्याशा जागेत मानूस दुसऱ्याच्या नदरंआड र्‍हायल तरी कसा?" म्हणाली, आणि पुस्तक मिटून गेली.

त्यात भागोजीने आणखी एक चूक केली. तो रोज संध्याकाळी पुळणीवर जाऊन बसायला लागला. आमच्या गावची रीत अशी की घरांची तोंडं रस्त्याकडे, वाडीची पाठ समुद्राकडे, आणि मध्ये केवड्याचं कुंपण. समुद्रावर माणसं जातात ती पहाटेच्या कामाला, लाकूडफाटा गोळा करायला, गणपती पोचवायला, नाहीतर मयताला. समुद्राकडे तोंड करून नुसता बसणारा माणूस एकतर खुळा, नाहीतर त्याचं कोणीतरी पलीकडे आहे. भागोजी खुळा नव्हता. वहिनीला दुसराच अर्थ पटला.

त्याची बहीण रंगू गावातच दिलेली. तिला या प्रकरणात भलताच रस. येता-जाता म्हणायची, "वयनी, दादा यंदा तिकडंच घर बांदतोय वाटतं." वहिनी तिला उत्तर द्यायची नाही. रात्री मात्र भागोजीला कोरडी भाकर वाढून सांगायची की कालवण बेटावर असेल, तिकडून मागवा.

शेवटी एका संध्याकाळी ती पुळणीवर गेली. मी तिथे भरडखोलच्या नामा कोळ्याच्या होडीआड बसून बिडी ओढत होतो. वडिलांच्या भीतीने बसलो होतो, पण त्यामुळे पुढचं सगळं मला बसल्या जागी ऐकायला मिळालं. नामा पलीकडे होडीला डांबर लावत होता. त्याचा हात थांबला तो थांबलाच.

"तिचं नाव काय?" वहिनीने विचारलं.

"कुनाचं?"

"बेटावरच्या बाईचं."

भागोजी हसला, आणि मग ती हसत नाही हे बघून घाबरला. त्याने सांगितलं की तो बेटावर कधी उतरलाच नाही. बेटाभोवती पाण्याखाली खडकांचं कुंपण आहे. बोट बाहेरच उभी राहते, माल छोट्या होड्यांतून किनाऱ्याला जातो, आणि खलाशांना उतरायची परवानगी नाही. त्याने जे बघितलं ते सगळं डेकवरून, कठड्याला टेकून.

वहिनीचा चेहरा जरा सैल झाला. तिथेच हे मिटलं असतं. पण तिने सहज विचारलं, की मग तिकडे माणूस म्हणून कोणी दिसलंच नाही का? आणि भागोजी पडला सरळ माणूस.

"एक बाय दिसायची," तो म्हणाला. "लाल कापडातली. खडकावर कपडे वाळत घालायची. पन तोंड न्हाय दिसायचं, लय लांब."

नामाने माझ्याकडे बघून मान हलवली. बोट बुडताना कोळी हलवतात तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने नामाला होडी काढायला लावली. रंगूला लाल लुगडं नेसवून, कपड्यांचं बोचकं देऊन टोकाच्या खडकावर उभं केलं. होडीत नामा, मी वल्हवायला, भागोजी, आणि मधल्या फळीवर वहिनी, मांडी घट्ट घालून. जन्म समुद्राच्या काठावर गेला, पण होडीत ती पहिल्यांदाच बसत होती. भागोजीला हुकूम होता की बेटापासून बोट जेवढी लांब असायची तेवढ्यावर थांबवायचं, आणि खोटं बोलायचं नाही.

तो 'अजून' म्हणत गेला आणि आम्ही वल्हवत गेलो. मग तो म्हणाला, "हितं."

वहिनी वळली. माडांची हिरवी ओळ, तिच्यामागे डोंगर, डोंगरावर कुणीतरी पेरणीआधीचा राब भाजत होतं त्याचा धूर, खाली काळे खडक आणि त्यांच्यावर फुटणारा फेस. तिचं घर, तिचा रहाट, तिची विहीर, यातलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"बरं दिसतंय की हितनं," ती म्हणाली. जराशा रागानेच. मग खडकाकडे बोट केलं. "तोंड दिसतं तिचं?"

"न्हाय," भागोजी म्हणाला. आणि खरंच दिसत नव्हतं.

तेवढ्यात रंगू कंटाळली आणि तिने कमरेवर हात ठेवून मान वाकडी केली.

"तोंड न्हाय दिसत," वहिनी म्हणाली. "पन रंगू हाय ते कळतंय. सगळी रंगूच दिसतेय हितनं."

वहिनीने होडी किनाऱ्याला घ्यायला लावली. उतरली, रंगूला घरी पिटाळलं, तिचं बोचकं घेतलं आणि आम्हाला परत त्याच जागी जायला सांगितलं. आम्ही गेलो. पंचेचाळिशीला आलेली बाई तिकडे खडकावर चढली आणि एकेक कपडा झटकून पसरायला लागली. लाटेचे शिंतोडे उडत होते, तिथे सात दिवसांत कपडा वाळला नसता. तिची पाठ आमच्याकडे होती. पदर खोचलेला, झटका मारताना डावा खांदा उचलायची तिची सवय, तेवढं दिसत होतं.

नामा म्हणाला, ओहोटी लागली, चला.

"थांब जरा," भागोजी म्हणाला. त्याने नजर काढली नाही. बोचकं संपलं तरी काढली नाही.

किनाऱ्याला लागलो तेव्हा वहिनी वाळूत वाट बघत उभी होती. तिने भागोजीला काहीच विचारलं नाही. नामाला विचारलं, की बघत होते का? नामाने खरं ते सांगितलं, मनापासून सांगितलं. की एकटक बघत होता, हलू दिलं नाही आम्हाला, अजून बसला असता.

वहिनी लाजली, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. मग तिच्या कपाळावर हळूहळू आठी चढली.

"म्हंजे येवडा येळ बगता येतं तर," ती म्हणाली, आणि ओलं बोचकं भागोजीच्या हातात देऊन पुढे चालू लागली.

पावसाच्या आधी बोटीवरून बोलावणं आलं. वहिनीने परस्पर निरोप धाडला, की भागोजी आता येणार नाहीत, त्यांना रहाटावर काम लागलंय.