व्हाळाकडला मामा

मामा बोट दाखवत नसे. ग्राइंडर कुठे आहे, गाडी कुठे लावलीय, कुठला जोड पुन्हा घासायचा, काहीही विचारा. तो ओठ पुढे काढून त्या दिशेला हनुवटी जराशी उचलायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, साहेब मुका देतोय. माझ्या शेजारचा पंजाबी वेल्डर तर लाजून दुसरीकडे बघायला लागला.

"बोट दाखवलं की ते टोचतं," मामाने नंतर समजावलं. "आमच्यात ओठ वापरतात. शिवाय हात कामाला मोकळे राहतात."

तेव्हा ओमानमध्ये दुक्मला रिफायनरीचं काम जोरात होतं. दोन हजार अठराच्या आसपासची गोष्ट. मी आठवीतून शाळा सोडलेला, कुडाळकडचा पाइप वेल्डर. तो वेल्डिंग इन्स्पेक्टर. रुंद गाल, काळे केस मागे बांधलेले. नेपाळी की फिलिपिनो, यावर मेसमध्ये पैजा लागल्या. तो निघाला अमेरिकेतला, पण तुम्ही-आम्ही सिनेमात बघतो तसला अमेरिकन नव्हे. तिथल्या वाळवंटात राहणाऱ्या नवाहो लोकांपैकी, लहानपणी मेंढ्या राखलेला. "इथे घरासारखंच वाटतं," म्हणायचा, "फक्त कुणीतरी समुद्र आणून ठेवलाय."

त्याचं इंग्रजी, माझं मोडकं हिंदी आणि दोघांचे हातवारे, असा आमचा कारभार चालायचा. इथे मी ते मराठीत लिहितोय, एवढंच.

एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने विचारलं, "तू कोणाचा?"

गावाला हा प्रश्न मला हजारदा विचारलेला. मी वडिलांचं नाव, आडनाव, वाडी, ग्रामदैवत, सगळं सांगितलं. तो मान हलवत राहिला. "ते झालं. आईची माणसं कोण?"

आता आईच्या घराण्याचं कोण विचारतो? मी तिथूनच आईला फोन लावला.

"कोण विचारता रे?"

"हंयसर एक अमेरिकेचो माणूस असा."

"तेका माझ्या म्हायाराशी काय करूचा असा?" असं म्हणाली खरी, पण आवाजात खुशी मावत नव्हती. "सांग तेका, आमी व्हाळाकडले."

आमच्याकडे घरं अशीच ओळखतात. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठचं घर, म्हणून व्हाळाकडले. मी सांगितलं तसा तो खायचा थांबला. त्यांच्यात कूळ आईकडून येतं, आणि त्याच्या आईच्या कुळाचं नाव होतं पाण्याजवळचे. त्याने हात पुसले, माझा हात हातात घेतला. दाबला नाही, नुसता धरला.

"म्हणजे तुझी आई माझी बहीण. मी तुझा मामा."

मी हसलो. तो हसला नाही. त्या दिवसापासून कॅम्पभर तो मामा झाला. पण इतरांसाठी ते टोपणनाव, माझ्यासाठी नातं.

एकदा पिकअपमधून साइटवर जाताना रस्त्यातून कोल्हा आडवा गेला. मामाने ब्रेक मारला, गाडी वळवली आणि पार बंदराकडच्या रस्त्याने लांबून नेली. मागे बसलेला केरळी फोरमन ओरडत होता, "साब, लेट हो जाएगा!" मामा ढिम्म. गाडीत आम्ही दोघे कोकणी होतो, तेवढ्यांना मात्र काही वेगळं घडतंय असं वाटलं नाही. मांजर आडवं गेल्यावर आम्ही तरी काय करतो?

माझा स्वभाव आधीपासून घाबरट. मग वरून हुकूम आला, सगळ्या वेल्डरांची पुन्हा टेस्ट. नापास त्याला एक्झिट. म्हणजे व्हिसा रद्द आणि घर. गावाला मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती. सर्टिफिकेट नसलेल्या माणसाला दुसरं कोण घेणार? साधा जोडही वाकडा जायला लागला. "नापास झालो तर" याशिवाय तोंडात दुसरं वाक्य नाही.

"तसं बोलू नकोस," मामा म्हणायचा. "बोललेलं चालत येतं. त्याला घराचा पत्ता का देतोस?"

माझा खोलीवाला सावंतवाडीचा. तो म्हणाला, "मामाच टेस्ट घेणारो, मगे तुका कसलो घोर?" खरं सांगतो, मलाही आत कुठेतरी तेच वाटत होतं.

मामाने माझं नाव स्वतःच्या यादीतून काढून दुसऱ्या इन्स्पेक्टरकडे दिलं. तोही कोण, तर ज्याच्या नुसत्या बुटांच्या आवाजाने माणसं गप्प व्हायची तो.

"मामा, असं का केलंस?"

"भाच्याचा जोड मामाने तपासायचा नसतो. मामाने भाच्याला उठवायचं असतं."

आणि खरोखर, दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दारावर थाप. "ऊठ. सूर्याने तुला झोपलेलं बघता कामा नये." त्याच्या मामाने त्याला असंच उठवून पूर्वेकडे पळवलेलं, थंडीत बर्फात लोळवलेलं. इथे बर्फ नव्हता, ते माझं नशीब. आम्ही समुद्राकडे पळायचो. मी धापा टाकायचो, तो पन्नाशीचा माणूस पुढे जाऊन आरोळी ठोकायचा, मलाही ठोकायला लावायचा. आमच्या गावाला सूर्य समुद्रात बुडतो, इथे समुद्रातून वर यायचा. रोज बघूनही मला ते उलटंच वाटायचं. पण टेस्ट जवळ आली तसे हात शांत होत गेले.

टेस्टच्या दिवशी मामा शेडच्या बाहेर उन्हात उभा राहिला. आत डोकावला नाही, त्या इन्स्पेक्टरशी एक शब्द बोलला नाही. मी टेस्ट पीस ठेवून बाहेर आलो, तर त्याने पाण्याची बाटली पुढे केली. कसं झालं, तेही विचारलं नाही.

जोडाच्या एक्स-रे फिल्म मस्कतच्या लॅबमध्ये जायच्या. त्या यायच्या आधीच मामा निघाला. त्याच्या बहिणीची मुलगी वयात आली होती. त्यांच्यात त्याचा मोठा विधी असतो, सगळं घराणं जमतं, मुलगी पहाटे पूर्वेकडे पळते आणि माणसं तिच्यामागून पळतात. ऑफिसने रजा नाकारली. मामाने हेल्मेट टेबलावर ठेवलं, नोकरीच सोडली. "ती पळणार आणि मी इथे?" एवढंच म्हणाला. त्या न पाहिलेल्या पोरीचा मला जरा हेवा वाटला.

चार दिवसांनी फोरमन लांबूनच ओरडला, "पास! यल्ला, काम पे!"

मी कामावर न जाता कॅम्पकडे चालत सुटलो. मामा नाही हे ठाऊक होतं, तरी पाय तिकडेच गेले. त्याच्या खोलीचं दार सताड उघडं. ऊन थेट पलंगापर्यंत आलेलं. सफाईवाला बांगलादेशी चाचा गादीवरची चादर काढत होता.

"पास हो गया, चाचा."

"माशाल्ला," तो म्हणाला. मग मी जात नाही असं बघून त्याने विचारलं, "ये साब आपका कौन था?"

"माँ का भाई."

त्याने माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मग चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली, आणि आम्ही दोघांनी मिळून तिची घडी घातली.